माझा अकरा पौंडांचा बास

बॅगेटच्या गिरणीच्या तळ्यात मी पडले, असं जे गावभर सांगतात ते खोटं आहे. मी बसले. होडीत उभी होते आणि पाण्यात बसले. दोन्हींत फरक आहे, पण तो माझ्या मुलाला समजावायला गेलं की तो नुसती मान हलवतो, थेट बापासारखी.

झालं एवढंच, की कमळाच्या देठात माझा गळाचा रबरी बेडूक अडकला. तो सोडवायला मी होडीच्या टोकावर उभी राहिले. देठ सुटला, बेडूक सुटला, आणि मीही सुटले. पाणी छातीएवढं, चिखल गुडघ्याएवढा. बूट चिखलाला दान करून मी चालत काठावर आले, घरी जाऊन कपडे बदलले आणि मक्याचा पाव भाजायला ठेवला. कोणाला काही सांगायचं कारणच नव्हतं. पण टोपी राहिली पाण्यावर.

ती सापडली डीकन हिग्जना. आमच्या चर्चचे हे डीकन, म्हणजे कारभारी, वय माझ्याएवढंच, चौऱ्याहत्तर, अक्कल माझ्या निम्मी. पाण्यावर टोपी, पानांत रिकामी होडी. शहाण्या माणसाने आधी माझ्या घरी डोकावून बघावं की नाही? हे गेले थेट चर्चमध्ये आणि लागले घंटा बडवायला. मी घंटा ऐकली. म्हटलं, कोण बरं गेलं बिचारं? गरम पाव रुमालात बांधला आणि दुःखात सामील व्हायला निघाले. दुखवट्याच्या घरी मी रिकाम्या हाताने जात नाही.

चर्चमध्ये शोकगीत चाललं होतं. दारात मला बघून गाणाऱ्यांतली सिस्टर लूला किंचाळली. डीकन म्हणाले, "मिस ओझेला, तुम्ही तर गेलात!"

"गेले होते," मी म्हटलं, "तुमचं गाणं ऐकून परत आले. काय ते बेसूर!"

सगळे हसले, रडले, माझा पाव खाऊन मोकळे झाले. हसला नाही तो एकटा माझा मुलगा व्हर्लन. लाकडाच्या वखारीतून तसाच धावत आला होता, केसांत भुसा. संध्याकाळी घरी आला आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर हात पसरला.

"मम्मा, चावी दे."

"कसली?"

"होडीच्या साखळीची. तू आता एकटी तळ्यावर जायचं नाहीस."

"तुझा बाप गेल्यापासून नऊ वर्षं एकटीच जाते आहे."

"हो मॅम. आणि दहाव्या वर्षी बुडालीस."

"बसले."

त्याने डोळे मिटले. बाप असाच डोळे मिटायचा आणि मग चाळीस वर्षं मी म्हणेन तसं करायचा. हा तसा नाही. हात तसाच पसरलेला.

आता माझं ऐका. घरात मी कोणाची आई, कोणाची आजी, कोणाची सासू. चर्चमध्ये मी मिस ओझेला, स्वयंपाकाची प्रमुख. सकाळी त्या पानांत होडी घातली की मी कोणाचीच कोणी नसते. तिथे मला काही विचारायला कोणी येत नाही. ती चावी म्हणजे माझी तेवढी सकाळ होती. हे सरळ सांगितलं असतं तर पोरगं कदाचित विरघळलं असतं. पण सरळ बोलायची मला सवय नाही. आणि त्याच वेळी सिंकपाशी भांडी विसळत असलेली त्याची बायको, माझी सून टॅमरा, मऊ आवाजात म्हणाली, "मम्मा झेल, मी येत जाईन ना तुमच्याबरोबर."

टॅमरा अटलांटाची. नखांना रंग. भाजीला हात लावायच्या आधी अंगठ्या काढून बशीत ठेवते.

"तू?" मी म्हटलं. "तुला तर फ्रीजमधला मेलेला मासासुद्धा घाबरवतो."

"मागच्या उन्हाळ्यात तूच शिकवलंस की तिला," व्हर्लन म्हणाला.

"शिकवलं. मांजरालाही दार उघडायला शिकवलं होतं मी, ते अजून दाराशी बसून ओरडतंच. ऐक, शनिवारी चर्चचं मासे-जेवण आहे ना? सकाळी सगळे तळ्यावर मासे धरतील, बाराला वजन होईल. येऊ दे हिला माझ्या होडीत. हिचा मासा माझ्या माशापेक्षा एक औंस जरी जड निघाला, तर चावी मी स्वतःच्या हाताने देईन आणि जन्मात मागणार नाही. नाहीतर तू पुन्हा हात पसरायचा नाही."

व्हर्लन हसला. त्या दिवसातलं पहिलं हसू. "ठरलं," म्हणाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आमच्या तळ्यात कमळपानं इतकी दाट, की कोंबडी सोडली तर पाय न भिजवता पलीकडे जाईल. तिथे साधा गळ टाकला की देठ धरून बसतो. म्हणून आम्ही रबराचा पोकळ बेडूक वापरतो. गळाची टोकं त्याच्या पाठीला चिकटलेली असतात, त्यामुळे तो पानांवरून सुखाने सरकतो. खाली सावलीत बास, म्हणजे आमच्याकडचा मोठ्या तोंडाचा मासा, दबा धरून असतो. बेडूक पानांच्या फटीत आला की तो पान फोडून वर येतो. आवाज असा, की कोणी तळ्यात ओंडका फेकला. इथेच माणूस चुकतो. दचकून हिसका देतो, आणि बेडूक माशाच्या तोंडातून निसटून आपल्याच तोंडावर येतो. थांबायचं असतं. मासा बेडूक घेऊन खाली वळला, दोरीला वजन लागलं, की मग हिसका.

किती थांबायचं, याचं माप मी घालून दिलेलं आहे. माझं पूर्ण नाव म्हणायचं. ओझेला रूथ थिगपेन. थिगपेन संपलं की हिसका. माझ्या चार मुलांना, त्यांच्या मुलांना आणि अर्ध्या चर्चला मी असंच शिकवलं. इकडे मासा लागला की माणसं माझं नाव घेतात. आमच्या राज्याच्या गव्हर्नरलाही हा मान नाही.

शनिवारी उजाडता उजाडता आम्ही पानांत शिरलो. टॅमराच्या अंगात नारंगी तरंगतं जाकीट. माझ्यासाठीही एक आणलं होतं. ते मी खाली घालून त्यावर बसले. मऊ होतं.

"मम्मा झेल, ते अंगात घालतात."

"मी तळ्यात मासे धरायला आले आहे, रस्ता खोदायला नाही."

पानांखाली बारके मासे किडे टिपत होते, किस्, किस्, पोरं चुंबनाचा आवाज काढतात तसा. चांगलं लक्षण. मी बेडूक टाकला, पानावरून दोन उड्या मारायला लावल्या, फटीत उतरवला. धडाम!

"ओझे—" मी म्हटलं आणि हिसका दिला. बेडूक येऊन माझ्या कपाळावर आदळला.

टॅमराने माझ्या कपाळाकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमचं नाव एवढंच आहे होय?"

दुसऱ्या वेळी मी "ओझेला रू—" पर्यंत पोचले. बेडूक डोक्यावरून गेला आणि मागच्या सायप्रसच्या फांदीला लटकला. तिसऱ्या वेळी नावच घेतलं नाही, नुसतं "अगं बाई!" म्हणून ओढलं. चाळीस वर्षं लोकांना जे पाठ करायला लावलं, ते स्वतःचं नाव पुरं करण्याएवढा धीर मला नव्हता. हरायची भीती पोटात असली की नाव लांब वाटायला लागतं. माझं तर त्या दिवशी बायबलमधल्या वंशावळीएवढं झालं.

दहाच्या सुमारास टॅमराच्या बेडकावर पाणी फुटलं. ही काठी घट्ट धरून बसली आणि चर्चमध्ये वाचतात तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "मिस ओझेला रूथ थिगपेन."

मिस! सासूचं नाव नुसतं कसं घ्यायचं, म्हणून तिने मिस जोडलं होतं. माझ्या मापापेक्षाही लांब. मग हिसका दिला. काठी वाकली ती वाकलीच.

झाडांच्या पलीकडून डीकन हिग्ज ओरडले, "काय झालं मिस ओझेलाला? पुन्हा?"

"जिवंत आहे!" मी ओरडले. "घंटेला हात लावलात तर याद राखा!"

मासा चांगला होता. चार पौंडांचा तरी. त्याला होडीत घेताना टॅमराचं एक नख तुटलं. तिने ते बघितलं, पाण्यात टाकलं आणि हात पँटला पुसला. मला तिचं कौतुक वाटलं. मी ते गिळलं.

बाराला वजन व्हायचं होतं. अकरा वाजून गेले तरी माझ्या बादलीत नुसतं पाणी. टॅमरा म्हणाली, "थोड्या उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा खा ना." मी मानेनेच नको म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर ती चावी व्हर्लनच्या खिळ्यावर लटकत होती.

आणि जुन्या बांधापाशी, जिथे पानं एकावर एक चढलेली आहेत, तिथे पाणी उसळलं. या वेळी मी माझं नाव घेतलं. पुरं. मग नवऱ्याचंही घेतलं, अल्टन मॉरिस थिगपेन, कमी पडायला नको म्हणून. आणि दिला हिसका.

लागला! पण लागताच खाली गेला आणि देठांना वेढे घालत सुटला. दोरी भिंतीला बांधल्यासारखी ताठ. अशा वेळी ओढायचं नसतं, दोरी तुटते. मासा येत नसेल तर आपण माशाकडे जायचं.

"बांबू लाव, टॅमरा! सावकाश! अगं सावकाश, बग्गी नाही ही!"

तिने होडी पानांत रेटली. मी दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घातले आणि मिठी मारून वर ओढलं. देठ, पानं, शेवाळ, मुळं, धुण्याच्या टोपलीएवढा गोळा. आणि आत काय ते धडपडत होतं! माझ्या छातीवर लाथा बसत होत्या.

"आठ पौंड!" मी तळ्याला सांगितलं. "डीकन! आठच्या वर आहे! लिहून ठेवा!"

"बघू या का सोडवून?" टॅमराने हळूच विचारलं.

"हात लावू नकोस. सगळ्या चर्चसमोर सोडवू."

माझी अक्कल निम्मी की डीकनची, हे इथेच ठरलं. इतकी वर्षं पानांत मासे धरलेली बाई मी. अशा गोळ्यात किती गवत आणि किती मासा असतो, हे मला माहीत नसेल तर कोणाला? पण मी तो गोळा बादलीत कोंबला, वर ओलं पोतं टाकलं आणि काठावर येईपर्यंत त्याच्यावर हात ठेवून बसले.

पेकानच्या झाडाखाली काटा टांगला होता. कढया तापत होत्या. व्हर्लन वखारीतून आला होता, हात बांधून उभा. आधी टॅमराचा मासा. सव्वाचार पौंड. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मोठ्या मनाने. तेव्हा मोठं मन परवडत होतं.

मग माझा गोळा काट्याला लागला. अकरा पौंड.

मी म्हटलं, "ज्यांनी माझ्यासाठी गुडघे टेकले त्यांचे आभार. प्रार्थना फुकट गेली नाही." अजून दोन वाक्यं तयार होती, पण डीकन म्हणाले, "मिस ओझेला, मासा उघडा तोलतात."

"तोला की. उघडा."

सिस्टर लूला मक्याचं कणीस सोलावं तशी पानं काढायला लागली. गोळा टोपलीएवढा होता तो भोपळ्याएवढा झाला. भोपळ्याचा कोबी झाला. आतून बशीएवढं एक कासव निघालं. लाथा त्याच्या होत्या. ते टेबलावरून उतरून, कोणाची माफी न मागता, तळ्याकडे चालू लागलं. आणि गोळ्याच्या अगदी गाभ्यात, शेवाळात गुंडाळलेला, माझा बेडूक तोंडात धरलेला, जेमतेम वीतभर एक बास.

डीकननी डोळे काट्याजवळ नेले. "पाऊण पौंड," ते म्हणाले, आणि मग हळूच, "भरभक्कम पाऊण."

एकही माणूस हसला नाही. मी इतकी वर्षं कोणाला काय काय बोलले आहे, ते त्या शांततेत मला मोजून ऐकू आलं. मग माझ्याच पोटातून काहीतरी वर आलं. मला वाटलं रडू. ते हसू होतं. मी टेबल धरून हसले. मग लूला, मग डीकन, मग सगळं अंगण.

व्हर्लन जवळ आला. "मम्मा," म्हणाला, "राहू दे. ठेव चावी. नीट ये-जा कर म्हणजे झालं."

हे सगळ्यांत वाईट. हरणं मला जमलं असतं. दया मला सोसत नाही. गळ्यातल्या दोरीतून मी चावी काढली आणि त्याला वळसा घालून टॅमराच्या हातात दिली.

"मासा तुझा," मी म्हटलं. "चावीही तुझी."

तिने ती अंगठ्यांबरोबर खिशात टाकली आणि मासा साफ करायला सुरी मागितली.

सोमवारी पहाटे मी तिच्या दाराशी गेले. जन्मात मागणार नाही असं मीच म्हटलं होतं, म्हणून मी मागितलं नाही. नुसती काठी घेऊन उभी राहिले. तिने कॉफी संपवली, कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला. मग आतून ते नारंगी जाकीट आणून माझ्यासमोर धरलं.

"अंगात, मम्मा झेल. बसायला नाही."

मी हात घातले. तिने पट्टे ओढले, एक, दोन, तिसरा जरा जास्तच.

"एवढं आवळलंस तर मासे नाही, मीच मरेन," मी म्हटलं.

"पण तरंगाल," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

होडी ती चुकीची चालवते. बांबू फार उभा धरते. मी तिला दर सकाळी सांगते.