आपल्याच खाडीच्या शिंपल्या

पाओराकाका गेला तेव्हा आमची खाडी बंद होती, पलीकडचीही. बंद म्हणजे पाण्यात विषारी शेवाळ फुललेलं आणि शिंपल्या काढायला मनाई. पाणी मात्र दिसायला नेहमीसारखंच आणि पाण्यात सोडलेल्या दोरांवर वाढवलेल्या शिंपल्याही अगदी गुबगुबीत. घोळ तिथेच होतो. उकळा, भाजा, काय वाटेल ते करा, हे विष जात नाही. एवढी एक गोष्ट लोकांच्या डोक्यात घालायची, ही माझी नोकरी. खाडीतल्या शिंपलीवाल्यांना मी सरकारी नियम साध्या भाषेत समजावून सांगते. पगार बरा आहे, शिव्या वर फुकट.

मराएवर, म्हणजे आमच्या कुळाच्या सभाघरात, पाओराकाकाचा देह ठेवला होता, बायका त्याच्याजवळ बसल्या होत्या. त्याचा धाकटा भाऊ होहेपाकाका, आमच्या शिंपलीशेतीचा प्रमुख, त्याने मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं.

"मिहि, होडी पाठव. चार पोती काढून आण."

"काका, खाडी बंद आहे."

"ठाऊक आहे गं! एका दिवसाने काय आभाळ कोसळणार आहे?"

"श्वास बंद पडून माणूस मरतो. एक मयत पुरे नाही का झालं?"

"तोंड आवर! पलीकडच्या खाडीची सगळी मंडळी येतायत. पाओराच्या पंगतीला शिंपल्या नव्हत्या, हे ऐकायचंय तुला? नातवंडांच्या लग्नापर्यंत बोलतील."

"बोलू देत. बोलायला जिवंत तरी राहतील."

नियम त्याला कळत नव्हता असं मुळीच नाही. माझ्या प्रत्येक बैठकीला हा माणूस पहिल्या खुर्चीत बसून मान डोलवायचा. पण पाहुण्यांपुढे रिकामं ताट ठेवायचं म्हणजे आमच्यात मेल्याहून मेल्यासारखं, हे मलाही कळत होतं.

मार्ग काढला राविनियाने. स्वयंपाकघर तिच्या हाताखाली. बटाटे सोलता सोलता म्हणाली, "शहरातल्या दुकानातून आणा की. दक्षिणेकडच्या, तपासलेल्या. शिंपलीच्या कपाळावर काय गाव लिहिलेलं असतं?"

मी गाडी काढली. दुकानातल्या हौदातून पोती भरताना गल्ल्यावरची पोरगी म्हणाली, "पार्टी दिसतेय!" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दफन झालं, पंगत बसली. भट्टीतलं डुकराचं मांस, रताळी, पाव आणि परातीच्या पराती वाफाळत्या शिंपल्या. पाहुण्यांचे चेहरे खुलले. इथवर सगळं ठीक होतं. मग होहेपाकाका उठून उभा राहिला.

"पोटभर खा," तो म्हणाला. "पाओराने जन्मभर ज्या पाण्यात दोर सोडले, त्याच पाण्यातल्या आहेत या."

मी हातातली परात खाली टेकवली.

पलीकडची वाइमारीआजी, मयताजवळ सगळ्यांत सुरेल रडलेली, आता सगळ्यांत मोठ्याने हसली. शेजारी तिची मुलगी पिरिहिरा होती. "ऐकलंस? आणि ही सरकारी पोरगी आम्हाला विषाची भीती घालते! आम्ही वेडे, इतके दिवस खडकांवरच्या शिंपल्यांना हात लावला नाही."

"आजी, या दुकानातल्या आहेत. शपथ घेऊन सांगते, मी स्वतः आणल्यात."

सगळं टेबल खिदळलं. "बघा, किती चांगलं वळण आहे पोरीला!" आजीने माझा गालगुच्चा घेतला. "माझी आईसुद्धा अशीच. रात्रभर खपायची आणि पाहुण्यांना म्हणायची, काही विशेष नाही हो, उरलंसुरलं वाढलंय."

मी काकाकडे बघितलं. "काका, सांग ना त्यांना!"

काका त्यांच्याबरोबर हसत होता. त्याने आजीपुढे आणखी एक ताट सरकवलं.

स्वयंपाकघरामागे मी त्याला धरलं. "जायच्या आत खरं सांग. ती घरी जाऊन खडकावरच्या काढून खाईल."

"भावाला आत्ता मातीत ठेवून आलोय मी. आज मला खाली मान घालायला लावू नकोस, पोरी. उद्या फोन करतो."

त्याचे डोळे रडून सुजले होते. मला त्याची दया आली, आणि रागही आला. उद्या काही त्याने फोन केला नाही. परवाही नाही.

मग मीच होडीने पलीकडे गेले. किनाऱ्यावर धोक्याची पाटी ठोकली, दारोदार फिरले. आजीने चहा दिला, बिस्किटं दिली.

"हो गं, हो. पण पाओराच्या जेवणात आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या. कुणाला साधी उचकी तरी लागली?"

मी तिथूनच काकाला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. "काका, आजी समोर आहे. त्या शिंपल्या कुठल्या होत्या, तेवढं सांग."

"अं? आवाज तुटतोय," काका म्हणाला, आणि फोन बंद झाला. त्याच्यामागे रेडिओवर चाललेली मॅच मात्र आम्हा दोघींना स्वच्छ ऐकू आली होती. आजी हसून म्हणाली, "बिचाऱ्याला कशाला त्रास देतेस?"

पुढच्याच आठवड्यात पिरिहिराचा फोन आला. आईने खडकावरच्या शिंपल्या उकडून खाल्ल्या. आधी ओठांना मुंग्या आल्या, मग हात गेले, मग श्वास. मी इस्पितळात पोचले तेव्हा आजीच्या घशात नळी होती आणि यंत्र तिच्यासाठी श्वास घेत होतं. वाचेल की नाही, ते डॉक्टरीणबाईंना सांगता येत नव्हतं. "पण त्यांना ऐकू येतं बरं का," त्या म्हणाल्या. "हलता येत नाही एवढंच. बोला त्यांच्याशी."

होहेपाकाका माझ्यामागून आला होता. टोपी काढून तो खाटेवर वाकला.

"वाइमारी, त्या शिंपल्या आपल्या नव्हत्या गं. दुकानातल्या होत्या. मिहि खरं बोलत होती."

आजीच्या अर्धवट मिटल्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. नर्सने ते कापसाने टिपलं.

"काय म्हणालात?" पिरिहिराने विचारलं.

काकाने माझ्याकडे बघितलं. मी सावरून घ्यावं, असं त्याला वाटत होतं.

"माझं सांगून झालंय, काका," मी म्हटलं. "आता तू सांग."

त्याने पुन्हा सांगितलं.

"आई हसत होती तेव्हा," पिरिहिरा म्हणाली, "तुम्हीसुद्धा हसत होतात."