तिरका हात

संगणकावरचा मेन्यू पुन्हा मिटला. काकूंनी मनगट झाडलं, बाण परत ‘रजा’वर नेला आणि श्वास रोखून सरळ उजवीकडे सरकवला.

रुग्णालयाच्या नोंदणी विभागात त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती, निवृत्तीला तीन महिने उरले होते. घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाची शेवटची नोंद, ‘रजा’ म्हणजे डिस्चार्ज, त्यांच्या हातची. नवा प्रोग्राम आला आणि त्या हाताचीच पंचाईत झाली. ‘रजा’वर बाण टेकवला की शेजारी यादी उघडायची: घरी सोडले, दुसरीकडे पाठवले, मृत. तिच्याकडे नेताना बाण जरा तिरका गेला की यादी गायब. आता माणसाचा हात तिरकाच जातो, त्याला कोण काय करणार? काकूंनी टेबलावर पट्टी चिकटवून घेतली होती. माउस तिला घासत आडवा न्यायचा, मग खाली. दिवसाला साठ रजा. संध्याकाळी घराची कडी काढायला डावा हात लागे.

काल यादी दोनदा मिटली. तिसऱ्यांदा ती मिटायच्या आत काकूंनी घाईने क्लिक केलं, तेव्हा बाण दोन ओळी खाली घसरला होता. ठणठणीत बरा झालेला माणूस मृत ठरला. प्रोग्रामने एका शब्दानेही विचारलं नाही, घरच्यांना परस्पर संदेश धाडून मोकळा झाला. त्या माणसाची बायको औषधं आणायला खाली गेली होती, ती दुकानाच्या पायरीवरच कोसळली. नवरा वर पिशवी भरत होता.

आज साहेबांनी चुकीच्या कबुलीचा कागद पुढे केला. सही केली की निष्कलंक सेवापुस्तकात पहिला डाग. काकूंना निवृत्तीत दुसरं काही नको होतं, तेवढं पुस्तक स्वच्छ हवं होतं.

साहेबांसोबत प्रोग्राम बनवणाराही आला होता. सवयीने जमतं, असं तो म्हणाला. काकू उठल्या.

“बसा माझ्या खुर्चीत. एक रजा करून दाखवा.”

तो हसत बसला. यादी मिटली. परत मिटली. तिसऱ्यांदा बाण ‘मृत’वर जाऊन थांबला आणि त्याने घाईने हात उचलला.

“पुढच्या आवृत्तीत सुधारू,” तो पुटपुटला.

साहेबांनी कागद पुन्हा पुढे सरकवला. “काकू, पटतंय मला. पण कागदावर माणसाचं नाव लागतं. मेन्यूचं कसं लिहू?”

काकूंनी सही केली. फार थकल्या होत्या.

दुरुस्त दाखला घेऊन त्या बाहेर गेल्या. बाकावर कालचा तो माणूस आणि त्याची बायको बसली होती. चूक माझ्या हातून झाली, काकू म्हणाल्या. माणसाने मान हलवली. बायकोने दाखला दोनदा वाचला.

“पुन्हा नाही ना होणार, कुणाच्या बाबतीत?”

काकूंना खोटं बोलता आलं असतं.

“सांगता येत नाही, बाई.”

त्या बाईने दाखल्याची घडी घातली. मग नवऱ्याला जरा पलीकडे सरकवून तिने बाकावर जागा केली, आणि काकू त्या दोघांशेजारी बसल्या.