वाळूतून न सुटणारा चेहरा

माझ्यात माती नाही, पाणी नाही, वजन तर नाहीच. तरी मी गोळा आहे. राखाडी, गुळगुळीत, पडद्याच्या बरोबर मधोमध. कॉम्प्युटरवर मूर्ती घडवायचं सॉफ्टवेअर कुणी उघडलं की आधी मीच समोर येतो. नवशिके मला आधी गरागरा फिरवतात आणि मग नाक ओढून काढतात. सगळ्यांना आधी नाकच का सुचतं, देव जाणे.

माझा जन्म रोज होतो. फाईल सेव्ह न करता बंद केली की मी संपलो, उघडली की पुन्हा कोरा. पण हात माझ्या लक्षात राहतात. गेले दोन महिने माझ्यावर एकाच मुलीचा हात फिरतोय, दया पाटोळेचा. राहणार भिंगार, शिक्षण बी.एस्सी., स्वभाव उकळत्या चहासारखा.

लॅपटॉप मैत्रिणीने वापरून दिलेला. पडद्याच्या वर कॅमेऱ्याचं बारीक भोक आहे, त्यातून मला तिची खोली दिसते. उघड्या दारातून समोरच्या घराची पायरी दिसते आणि तिच्यावर बाजरी निवडत बसलेल्या झुंबरबाई.

पहिल्या दिवशी दयाने शिकवणीचा व्हिडिओ दीडपट वेगाने लावला. त्यातला माणूस सांगत होता, आधी मोठे आकार, बारकावे शेवटी. हिने दहाव्या मिनिटाला सुरकुत्या काढल्या. खाली गाल नाही, हाड नाही, आणि वर सुरकुत्या. मग आणखी बारीक काम करता यावं म्हणून तिने मला इतक्या तुकड्यांत विभागलं की लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला आणि मी जागच्या जागी गोठलो.

"हल ना मेल्या," ती म्हणाली. मी कसा हलणार?

घाईला कारण होतं. पुण्यातल्या एका स्टुडिओने शिकाऊ मुलं घ्यायची ठरवली होती. अट एकच: स्वतः घडवलेला एक चेहरा, शनिवारी दुपारी बारापर्यंत. आणि बी.एड.च्या फॉर्मची शेवटची तारीखही तोच शनिवार. तो फॉर्म एंजेला आत्यांनी भरून ठेवलेला. आत्या म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. अजूनही बोलताना समोरच्याची नखं तपासतात.

"फक्त सही राहिलीय," आत्या म्हणाल्या.

"मला शिकवायचं नाहीये, आत्या."

"मग काय करायचंय? गोळे?"

"हो. गोळे. शनिवारी बारापर्यंत माझा चेहरा गेला नाही, तर तुम्ही म्हणाल तिथे सही करते."

रागात बोलून गेली. आत्यांनी ते वाक्य जपून ठेवलं.

चेहरा ठरला झुंबरबाईंचा. दात गेलेले, गाल आत ओढलेले, कान मोठे. दया मान वळवून पायरीकडे बघत, कॉम्प्युटरच्या पेनाने माझ्यावर ब्रश फिरवायची. पण कितीही केलं तरी माझा चेहरा भरलेलाच. गालाखाली खड्डा पडायचा आणि तिचाच हात तो लगेच बुजवायचा. तिला कळायचंही नाही. पुसायचं, पुन्हा करायचं. असे अठरा चेहरे गेले.

एकदा झुंबरबाई स्वतःच बघायला आल्या.

"ही कोन गं?"

"तुम्ही."

"मी? माजी गालं कवा एवढी भरल्ती? लग्नात बी न्हवती."

"आजी, तुम्ही हलता सारख्या."

"मी जागची हलले न्हाई. तूच मला पीठ थापून ऱ्हायलीस."

दयाने ब्रश बदलला, व्हिडिओ बदलला, माऊस आपटला. दोष मला, लॅपटॉपला, पेनाला. खरा दोष तिच्या बोटांत होता, आणि तो घरातूनच आला होता.

तिचे पप्पा, जस्टिन पाटोळे, सुप्याला एका फाउंड्रीत लाकडी पॅटर्न बनवतात. लोखंडी वस्तू ओतायची असली की तिची आधी लाकडी प्रतिकृती करतात, ती वाळूत दाबतात, अलगद उपसतात आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. उपसताना वाळू ढासळली की सगळं फुकट. म्हणून पॅटर्नला आत पोखरलेली जागा चालत नाही. सगळ्या बाजू किंचित उतरत्या हव्यात. दया सहावीत असल्यापासून पप्पांच्या हाताखाली पॉलिश पेपर मारत होती, खाचांत लांबी, म्हणजे लाकडावरची पुट्टी, भरत होती.

शुक्रवारी दुपारी पप्पा पहिली पाळी करून आले. दोन महिने या कामाला ते व्हिडिओ गेम म्हणत होते. त्या दिवशी त्यांनी शर्टाला चष्मा पुसला आणि पडद्याशी वाकले. मला डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"चोख काम आहे, दया. कुठंच अडकत नाही. वाळूतून अलगद सुटेल."

पेन थांबलं.

"परत बोला, पप्पा."

"अलगद सुटेल म्हटलं."

"मग सगळं चुकलंय."

"मी कौतुक करतोय, बाई."

"तेच तर. याला कुठल्या वाळूतून काढायचंय? मी दोन महिने तुमची पॅटर्नच करत बसलेय."

तिने पेन उचललं आणि माझ्या गालाखाली खोल खुपसलं. असं मला आजवर कुणी पोखरलं नव्हतं. गालाच्या हाडाखाली, हनुवटीखाली, नाकपुड्यांत वर, आत वळलेल्या ओठांमागे. तिचा हात आता काहीच बुजवत नव्हता.

"अगं, तिथं अडकेल," पप्पा मागून म्हणाले.

"अडकू दे."

"कानामागं एवढं खोल असतंय का?"

"समोर बसल्यात. जाऊन बघा."

आणि पप्पा खरंच गेले, खिशातली पट्टी घेऊन. मला दारातून सगळं दिसत होतं.

"जस्टिन, कानात काय घालतोस रं?"

"मापं घेतोय, मावशी. हलू नका."

परत आले ते जरा ओशाळून. "सहा सूत, पाऊण इंच," म्हणाले. "तू चारच कोरलंस."

संध्याकाळी झुंबरबाईंनी मला पाहिलं. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "व्हय. हीच म्हातारी हाय."

शनिवारी साडेअकराला मी पुण्याला गेलो. आत्या फॉर्म घेऊन दारात उभ्या होत्या. दयाने सही केली नाही. तारीख टळली आणि आत्यांनी अबोला धरला.

परवा स्टुडिओचं उत्तर आलं. चेहरा आवडला, सोमवारी या. आमच्यासमोर चार तासांत दुसरा घडवून दाखवा. आत्यांनी ते पत्र दोनदा वाचलं, त्यातली व्याकरणाची एक चूक काढली आणि विचारलं, "मग आता?"

"आता तुम्ही इथे बसा. मला सराव करायचाय."

"किती वेळ?"

"चार तास. न बोलता."

तर वाचकहो, उद्या तुम्ही मला पहिल्यांदा उघडाल. लगेच काही जमणार नाही, चिडाल. चिडा. पण वरवर हात फिरवून मला सोडून देऊ नका. मला दुखत नाही, आणि केलेलं मागे घेता येतं.

आता रजा द्या. दयाशेजारच्या खुर्चीत आत्या ओठ घट्ट मिटून बसल्यात, रागाने गाल आत गेलेत. आयुष्यात पहिल्यांदा त्या वर्गासमोर गप्प आहेत. दया त्यांच्याकडे टक लावून बघतेय, आणि पेनाचं टोक माझ्यावर येऊन टेकलंय.