हत्यारांची वाटणी

काकांनी उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधीच विचारलं, "होल्डर कुठंय?"

सख्खा भाऊ जाऊन महिना होत आला होता. तेवढ्यात ना फोन, ना चौकशी. आज आले तेही पुतणीने बोलावलं म्हणून.

"भावोजी, चपला बाहेर," आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "लाज तर तुम्ही बाहेरच ठेवून येता."

"वहिनी, जिभेला अजून धार आहे तुमच्या."

"तुमच्यावर वापरायला मिळाली नाही ना इतकी वर्षं. टिकली."

काका मागच्या खोलीत गेले. ती त्यांच्या मागोमाग गेली.

या दोघा भावांचं कधीकाळी एकच गॅरेज होतं, त्यांच्या वडिलांनी उभं केलेलं. फाटलं तेव्हा हत्यारांचीही वाटणी झाली. पाने निम्मे-निम्मे, पकडी निम्म्या-निम्म्या. शेवटी दोन हत्यारं उरली. दोन्ही आजोबांनी स्वतः घडवलेली, एकाच मॉडेलच्या मोटरसायकलसाठी. एक पुलर, म्हणजे इंजिनाच्या डाव्या अंगाचं जड मॅग्नेट शाफ्टवरून ओढून काढणारा जाडजूड बोल्ट. दुसरा होल्डर. जुन्या क्लचप्लेटला लोखंडी दांडा वेल्ड केलेला. उजवीकडचा नट सोडवताना क्लच फिरू नये म्हणून धरायचा. इंजिन पुरतं उघडायचं तर दोन्ही हवीत. शहाण्यांनी ती एका पेटीत ठेवली असती. यांनी एकेक उचललं आणि जन्मभर एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. गाडीचं ते मॉडेल बंद पडलं, बाजारातून त्याची हत्यारं गेली, वैर तेवढं चालू राहिलं.

बाबांची स्वतःची गाडी त्याच मॉडेलची. क्रँकचं बेअरिंग वाजायला लागलं तसं त्यांनी इंजिन खाली उतरवून घरातच उघडायला घेतलं. हेड काढलं, सिलिंडर काढला, पिस्टन फडक्यात गुंडाळून ठेवला. नवं बेअरिंगही आणून ठेवलं. पुढे पुलरशिवाय रस्ता नव्हता. तिथे काम थांबलं, आणि मग बाबाच.

आता हे घर सोडून आई तिच्याकडे राहायला येणार होती. उघडं पडलेलं इंजिन भंगारवाल्याशिवाय कुणी घेतलं नसतं. बाबांनी हातात घेतलेलं काम भंगारात जाऊ द्यायचं नाही, ते पुन्हा जोडून गाडी चालू करायची, एवढंच तिने ठरवलं होतं. म्हणून काकांना फोन केला होता. पुलर घेऊन या, इंजिन पुरतं उघडून द्या, बदल्यात होल्डर कायमचा घेऊन जा. शब्द देते.

टेबलावर जुनी चादर अंथरून तिने सगळं मांडून ठेवलं होतं. रिंग पाने, टी-पाने, सर्क्लिपची पक्कड, लाकडी हातोडी, आणि घट्ट बसलेले स्क्रू ठोकून सैल करायचा ड्रायव्हर. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगवेगळ्या वाट्यांत.

"हत्यारं मांडलीत की पेपर तपासायला बसलीस, मास्तरीणबाई?"

"तुम्ही काम करा, काका."

"करतोच आहे. धर तो होल्डर. दोन्ही हातांनी. पुस्तक नाही ते, बोटाने धरायला."

तिने दांडा पोटाशी दाबून धरला. काकांनी नटाच्या वॉशरचा दुमडलेला कान छिन्नीने सरळ केला आणि टी-पान्यावर सगळा भार टाकला. दांडा तिच्या बरगडीत रुतला. तिने पकड सोडली नाही. नट कुरकुरला आणि सुटला.

"दादाचा हात मात्र सफाईदार," सिलिंडर बसायच्या जागेवरून बोट फिरवत काका म्हणाले. "कुठे एक ओरखडा नाही."

"मेल्या म्हशीला मणभर दूध," दारातून आई म्हणाली. "जिवंत होते तेव्हा गावभर सांगत होतात, त्याला पाना धरता येत नाही म्हणून."

काकांनी सुटलेला नट वाटीत टाकला. आई वळून गेली.

तिने विचारलं, "हा नट परत घट्ट कसा करायचा?"

"हाच होल्डर धरून. दुसऱ्या कशाने होणार? नाहीतर क्लच नुसता गरगर फिरेल."

"आणि मॅग्नेट बसवायला पुलर?"

"पुलरचं काय काम तिथे? मॅग्नेट हातानेसुद्धा बसतं." फडक्याला एकेक बोट पुसत, चवीने ते सांगू लागले. "उघडायला दोन लागतात, जोडायला एकच. तुझ्या बापाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. थोरला म्हणून वाटणीत पहिला हात त्याचा, बरोबर होल्डर उचलला त्याने. क्लचची सगळी गिऱ्हाइकं तिकडे गेली. मी बसलो मॅग्नेट काढत."

"म्हणजे तुम्ही आज होल्डर नेला, तर हे जोडायचं कसं?"

"ते मला काय विचारतेस? बोली उघडायची झाली. शिकलेली आहेस तू, नीट बोलायचं होतंस."

काकांनी पुलर चढवला, आवळला, त्याच्या डोक्यावर एक बेताचा ठोका दिला. टक् आवाज करून मॅग्नेट त्यांच्या हातात आलं. मग ती स्क्रू काढत गेली आणि ते लाकडी हातोडीने इंजिनाच्या बाहेरच्या केसवर कडेकडेने ठोकत गेले. केसचे दोन भाग झाले. आत काळं तेल आणि खिळखिळं झालेलं बेअरिंग. काकांनी ते बोटाने हलवलं, नाक मुरडलं आणि हात पुढे केला.

"दे."

"देत नाही."

काकांना आधी ते कळलंच नाही. "काय?"

"होल्डर देत नाही."

"शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडला."

हे तिने काका फडक्याला बोटं पुसत होते तेव्हाच ठरवलं होतं. तरी पुढचं सगळं काम त्यांच्याकडून करवून घेतलं होतं. उभ्या आयुष्यात दिलेला शब्द तिने फिरवला नव्हता. आपल्याला लाज वाटेल असं तिला वाटलं होतं. तेवढी वाटत नव्हती.

काका टेबलाला वळसा घालून जवळ आले. तिने दांडा सोडला नाही. म्हाताऱ्या माणसाशी झोंबाझोंबी करायची वेळ आली असती तर तिने तीही केली असती, आणि बहुधा हे तिच्या तोंडावर दिसलं असावं. ते थांबले.

"बापावर गेलीस," ते थुंकल्यासारखं म्हणाले. "अगदी तोच हलकटपणा."

महिनाभर कितीतरी लोक येऊन गेले होते, कायकाय गोड बोलले होते. बाबांवर गेलीस असं त्यातलं एकही माणूस म्हणालं नव्हतं. ते ऐकायला मिळालं ते या तोंडून.

"जोडून झालं की न्या," ती म्हणाली. "मी फोन करीन."

"तुझ्या शब्दावर आता कुत्रंसुद्धा यायचं नाही."

"बरं."

त्यांनी पुलर पिशवीत टाकला. मग टेबलाकडे वळून पाहिलं, एका वाटीत बोट घातलं, काहीतरी उचलून खिशात टाकलं आणि चपला फरफटवत निघून गेले. फाटक आपटल्याचा आवाज आला.

आई आत आली. "काय नेलं मेल्याने?"

तिने वाटीत पाहिलं. "मॅग्नेटची चावी. शाफ्टच्या खाचेत बसते ती. नखाएवढी असते."

"तिच्यावाचून अडेल?"

"अडेल. पण कुठल्याही दुकानात मिळते. त्यांनाही माहीत आहे."

"मग न्यायची कशाला?"

"रिकाम्या हाताने कसे जातील?"

आई पुढच्या दाराला कडी घालायला गेली. तिने टेबलाशी खुर्ची ओढली, होल्डर मांडीखाली दाबून ठेवला आणि दोन्ही हात मोकळे करून जुनं बेअरिंग काढायला घेतलं.