जिवल्याची चिलीम

“कुंभारा, चिलीम हाय का रं एखादी? जिवल्या गेला पहाटं.”

दारात नवसी उभी होती, जिवल्याची बायको. पुंजाराम खाटेवर मटकन बसला. जिवल्यानं जन्मभर त्याच्याच हातची चिलीम ओढली होती. चिंचणीच्या बाजारात दोघं एकाच चिलमीवर दुपार काढत. नव्या चिलमीचा पहिला झुरका मात्र जिवल्याचा, हा पुंजारामाचा नेम. मग बिडी आली, तंबाखूची पुडी आली आणि चिलमीला कुत्रं विचारेना. पोरगा बोईसरच्या कारखान्यात लागला, बिऱ्हाड सरावलीच्या खोलीत आलं, तिथं चाक मावेना, तेव्हा तेही गेलं.

“एकही उरली नाही गं. त्याची कुठंय?”

“फुटली. तोंडाशी चिलीम ठेवल्याबिगर मला पेटवू नका, असं सांगून गेलाय. लेक सांजंला येल, तोवर दे.”

सवय सुटेना म्हणून पुंजारामानं ओल्या गोणपाटात मातीचा एक गोळा जपला होता. सून उत्कर्षा त्यावरून रोज कुरकुरायची. आज तिनंच तो काढून दिला. पुंजारामानं नुसत्या बोटांनी चिलीम वळली. घाट मात्र तोच उतरला.

“पण भाजू कुठं? भट्टी नाही.”

“सरण हाय ना,” नवसी म्हणाली.

ओली माती आगीत फुटते. दोस्ताच्या तोंडाशीच फुटली तर? दुपारभर तो उन्हात बसून चिलीम फिरवत राहिला. मग उत्कर्षानं गॅसवर तवा ठेवला आणि भाकरी शेकावी तशी ती हलक्या हातानं शेकली.

“मामंजी, टिकंल हो,” ती म्हणाली.

सांजेला सरण पेटलं. बाया रडत होत्या. पुंजारामाला रडायलाही सवड नव्हती, त्याचे सगळे प्राण कानात आले होते. लाकूड तडकलं की तो दचके.

सकाळी राखेत चिलीम सापडली. अख्खी, लालबुंद. त्यानं नखानं वाजवून पाहिली.

“पकली?” नवसीनं विचारलं.

“पकली.”

एवढं बोलून त्यानं सवयीनं चिलीम आधी समोर धरली. समोर राखच होती.