झरीचं पाणी

कोरगावचा गुरुदास कामाला वाघ, पण बायकोचं ऐकेल तर शपथ. आणि बायको पार्वती तर ऐकण्यासारखंच बोलायची. पाणलोटाच्या योजनेतून त्यांच्या काजूच्या डोंगरावर आडवे चर मारायचे ठरले, तेव्हा वाड्यावरच्या बायकांना घेऊन तिनेच आधी कुदळ उचलली. पावसाचं पाणी त्या चरांत थांबे, मुरे, आणि पायथ्याची झर भर वैशाखातही वाहती राही. सगळा वाडा तेच पाणी प्यायचा.

पण काजूचे पिकले बोंडू बीसकट घरंगळत चरांत जात आणि पाल्याखाली कुजत. गुरुदासचा जीव तीळतीळ तुटे. डोंगरालाही थोडं खाऊ द्या, असं पार्वती म्हणायची. पुढे तिने अंथरूण धरलं, आणि या शहाण्याने मजूर लावून सगळे चर बुजवले. अंगणासारखी जमीन झाडून काढली. त्या हंगामात काजूची एक बी वाया गेली नाही.

मग पाऊस आला आणि लाल पाणी डोंगरावरून सरळ ओहोळाला मिळालं. पुढच्या चैत्रात झर आटली. वाड्यावरच्या बायका गुरुदासशी बोलेनाशा झाल्या, पण इस्पितळात पडलेल्या पार्वतीच्या कानावर कुणी ते घातलं नाही. आजारी माणसाला काय सांगायचं?

वैशाखात डॉक्टरांनी हात टेकले आणि तिला घरी न्यायला सांगितलं. सून दिपाली गंगाजल घेऊन बसली, तर पार्वतीने मान फिरवली.

"माका झरीचां पाणी हाडा," ती नवऱ्याला म्हणाली. "मगे जातंय."

गुरुदास तांब्या घेऊन धावला. झरीच्या तोंडातला गाळ त्याने हातांनी उपसला, नखं मोडली तरी उपसत राहिला. ओल लागली, पण थेंब सुटेना. तिथेच बसून तो ढसाढसा रडला. शेवटी घरी येऊन मागच्या दारच्या नळाखाली त्याने तांब्या धरला. त्याला स्वतःची शिसारी आली.

त्याने चमच्याने तिला पाणी पाजलं. औषधाचा वास मारतो म्हणून नळाचं पाणी कधी तोंडात न धरलेली बाई ती. तिने ते सावकाश गिळलं, डोळे उघडले आणि त्याच्या चिखलाने, रक्ताने भरलेल्या बोटांकडे बघत राहिली.

"गोड आसा," ती म्हणाली.

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने दुसरा चमचा तिच्या ओठांशी नेला. ते पाणी गालावरून ओघळून उशीत गेलं.