आठव्या मजल्यावरून खाली

सूर्यकांत राजाध्यक्ष कुणाचं पहिल्या फटक्यात ऐकतील तर शपथ. आखाती देशातल्या रोल्ला भागात एका इमारतीत आठव्या मजल्यावर ते आणि प्रमिलाकाकू राहत. काकांच्या मधुमेहासाठी कावेरी सिस्टर दर आठवड्याला येई. एकदा ती म्हणाली, "काका, एक बॅग भरून ठेवा. औषधं, टॉर्च, ग्लुकोज. उद्या पाणी भरलं, लाइट गेली तर?"

"वाळवंटात पूर?" काका पोट धरून हसले. "होडीपण आणू का ड्रॅगन मार्टमधून?"

शेवटी बॅग भरली, पण बाकरवडीने. ग्लुकोज काकूंनी गुपचूप तळाशी सरकवलं.

त्या एप्रिलमध्ये आभाळच फाटलं. रस्त्याचा तलाव झाला, लिफ्ट बंद, लाइट खलास. काकांनी सवयीने इन्शुलिन टोचून घेतलं आणि मग लक्षात आलं, विजेची शेगडी थंडगार, कुकर तसाच. थोड्याच वेळात त्यांना दरदरून घाम फुटला, हात लटपटू लागले. काकूंनी घाईघाईने कावेरीला फोन लावला.

"शुद्धीत आहेत ना? गिळता येतंय?"

"बाकरवडी मागतायत."

"मग चांगलेच शुद्धीत आहेत! पण आधी पाण्यातून ग्लुकोज. साखर तपासून मला सांगा. वर आली की मग बाकरवडी."

फोन चालू ठेवून तिने काकांना सावरेपर्यंत बोलतं ठेवलं.

पाणी ओसरलं, लिफ्ट सुरू झाली, तरी काका खाली उतरेनात. "गुडघे धरलेत," म्हणायचे. ढग दिसला की पडदा ओढायचे.

"काका, तुमच्या गुडघ्यांना ढग दिसतात वाटतं," कावेरी म्हणाली. काका गोरेमोरे झाले. तिने नुसता हात पुढे केला. "यल्ला, चला, आज फक्त लिफ्टपर्यंत."

पुढच्या खेपेला लिफ्टमधून खालच्या दारापर्यंत. त्याच्या पुढच्या खेपेला तिघं यूनुसच्या टपरीवर चहा प्यायला गेली. समोरच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची मळकट रेघ अजून होती. काका त्या रेघेकडे बघत राहिले.

"सिस्टर, त्या दिवशी मी जरा घाबरलो होतो."

"जरा?" काकू चहात फुंकर घालत म्हणाल्या. "लग्नाला चाळीस वर्षं झाली, पहिल्यांदाच मला 'अहो' म्हणालात!"

कावेरीला चहाचा ठसका लागला.